क्रँक घासण्यापूर्वी



न्हावाशेवा बंदरातून नाशिककडे निघालेला माल बहुधा आपल्या ठाणे जिल्ह्यातूनच जातो आणि शहापूर ओलांडून कसाऱ्याचा घाट चढतो. कल्याणहून मुरबाडमार्गे निघालेली गाडी माळशेज घाटाला लागते. भिवंडीची गोदामं, कल्याणची बाजार समिती आणि डोंबिवलीचे कारखाने यांची ने-आण वेगळीच. १ ऑगस्ट १९६२ रोजी महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालं. ठाण्याची वागळे इस्टेट ही त्याच्या पहिल्या वसाहतींपैकी एक. आज तिथं कचेऱ्या आणि आय.टी. पार्कही उभे राहिले आहेत. पण ठाणे-कल्याणच्या आसपास जिथं ट्रक थांबतात, तिथं गॅरेज आणि लेथचं दुकान आजही दिसतंच. या दुकानांत रोज चालणाऱ्या एका कामाविषयी आज थोडं बोलणार आहे. ते काम म्हणजे इंजिनाच्या क्रँकशाफ्टची तपासणी आणि दुरुस्ती.

आपल्याकडे पुष्कळ घरांचा संसार एकाच ट्रकवर चालतो. ट्रक कर्जाऊ घेतलेला असतो आणि हप्ता काही थांबत नाही. एक दिवस घाटात इंजिनातून ठक्‌ ठक्‌ असा जड आवाज येऊ लागतो, तेलाच्या दाबाचा काटा खाली येतो. गाडी ओढत गॅरेजात आणली जाते. मिस्त्री इंजिन खोलतो आणि म्हणतो, "शेठ, क्रँक घासावा लागेल." मालक हो म्हणतो. क्रँक घासून येतो, नवी बेअरिंगं बसतात, इंजिन बांधलं जातं. आणि काही वेळा दोन-तीन महिन्यांतच पुन्हा तोच आवाज, पुन्हा तोच खर्च! असं का व्हावं? लोखंड वाईट होतं, की नशीब? बहुतेक वेळा दोन्ही नाही. क्रँक घासला गेला, पण त्याआधी तो नीट मापला गेला नाही, आणि तो झिजला कशानं याचा शोध कुणी घेतला नाही.

प्रथम क्रँकशाफ्ट म्हणजे काय ते पाहू. आपल्या घरात पायानं चालवायचं शिवणयंत्र असेल. पायाखालची पाटी वर-खाली हलते, तिला जोडलेला दांडा चाकाच्या वाकड्या आसाला धरतो आणि चाक गरगर फिरू लागतं. इंजिनात हेच घडतं. पिस्टन वर-खाली होतो, कनेक्टिंग रॉड त्याचा जोर खाली आणतो आणि क्रँकशाफ्ट त्या वर-खाली हलण्याचं फिरणं करतो. क्रँकशाफ्टचे जे गोल गळे इंजिनाच्या सांगाड्यात बसतात, त्यांना मेन जर्नल म्हणतात. ज्या गळ्यांना कनेक्टिंग रॉड धरतात, त्या क्रँकपिना. या दोघांना जोडणाऱ्या जाड पाकळ्या असतात आणि तोल राखण्यासाठी वजनं असतात. जड ट्रकांचे क्रँक बहुधा तापलेल्या पोलादावर प्रचंड घणाचे किंवा प्रेसचे घाव घालून घडवतात. १९६१ साली स्थापन झालेली पुण्याच्या मुंढव्याची भारत फोर्ज ही अशा घडणीसाठी जगभर ओळखली जाते.

या दांड्यावर किती भार पडतो? वर्षानुवर्षं आपल्या रस्त्यांवर धावलेलं टाटांचं ६९७ जातीचं सहा सिलिंडरांचं इंजिन घ्या. त्याच्या सिलिंडरचा व्यास ९७ मिलिमीटर, म्हणजे पिस्टनच्या माथ्याचं क्षेत्रफळ सुमारे ७४ चौरस सेंटिमीटर. डिझेल पेटतं तेव्हा दर चौरस सेंटिमीटरवर ७० किलोचा दाब धरला, तरी एका पिस्टनवर पाच टनांहून अधिक भार येतो. इंजिन मिनिटाला २००० फेरे घेत असेल तर सहा सिलिंडरांत मिळून सेकंदाला शंभर वेळा डिझेल पेटतं. शाळेतल्या गुरुजींनी हे गणित मुलांकडून जरूर करवून घ्यावं. चार स्ट्रोकच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदाच पेटतो, एवढं लक्षात ठेवलं की उत्तर जमतं.

एवढा भार असूनही जर्नल आणि बेअरिंग चांगल्या इंजिनात एकमेकांना जवळजवळ टेकतच नाहीत. ओल्या फरशीवर पाय घसरतो, कारण पाय आणि फरशी यांमध्ये पाण्याचा पातळ थर येतो. तसाच तेलाचा थर इथं असतो आणि त्यावर क्रँक तरंगत फिरतो. जर्नल आणि बेअरिंग यांत तेलासाठी ठेवलेली फट साधारण डोक्याच्या केसाएवढी. ती फार वाढली तर तेल बाजूनं निसटून जातं, दाब पडतो आणि ठोका सुरू होतो. फार कमी झाली तर तेल शिरतच नाही. धातू धातूवर घासतो, तापतो आणि बेअरिंग वितळून इंजिन जाम होतं. सुतारकामात सुताचा, म्हणजे इंचाच्या आठव्या हिश्शाचा फरक चालून जातो. इथं प्रश्न मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्शाचा आहे, आणि तो डोळ्याला दिसत नाही की नखाला कळत नाही.

आता तपासणीकडे वळू. मिस्त्रीनं इंजिन खोललं की जुनी बेअरिंगं भंगारात टाकू देऊ नका. ती कोणत्या जागेची, हे खडूनं लिहून ओळीनं मांडायला सांगा. दुखणं काय होतं, ते त्यांच्यावरच उमटलेलं असतं. बेअरिंगवर गोलाकार चरे आणि रुतलेले कण दिसले, तर तेलात धूळ-माती होती. गाळणी वेळेवर बदलली गेली नाही. बेअरिंगचा धातू पुसल्यासारखा वितळलेला आणि जर्नल निळसर पडलेला असेल, तर तेल पोचलंच नाही. पंप, तेलाची चाळण नाहीतर तेलाची वाट तपासायला हवी. झीज एकाच कडेला असेल तर रॉड वाकला असण्याचा संभव आहे. मधली मेन बेअरिंगं इतरांपेक्षा फार झिजली असतील तर क्रँक वाकलेला किंवा सांगाड्यातली जागा एका ओळीत नसलेली असू शकते. आणि क्रँकची पुढं-मागं सरकण्याची हालचाल रोखणारे थ्रस्ट वॉशर खाल्ले गेले असतील, तर चालकाचा पाय सारखा क्लचवर ठेवलेला असतो का, ते विचारा. कारण न शोधता नुसता क्रँक घासणं म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी!

यानंतर क्रँक धुवायचा. वरवर पुसून भागत नाही. मेन जर्नलमधून क्रँकपिनेकडे तेल नेणारी छिद्रं आतून गेलेली असतात. त्यांच्या तोंडाला बुचं असल्यास ती काढून आतला चिखल ब्रशनं आणि रॉकेलनं साफ करायचा, मग हवेचा झोत द्यायचा. जुन्या तेलाचा हा गाळ आत राहिला, तर तो पहिल्याच दिवशी नव्या बेअरिंगमध्ये उतरतो.

धुतल्यावर तडा शोधायचा, आणि तो मापण्याच्याही आधी. एक तार हातात घेऊन ती एकाच जागी पुन्हा पुन्हा वाकवा. थोड्या वेळानं ती तुटते. एकदा वाकवल्यानं तुटली नसती, पण पुन्हा पुन्हा वाकल्यानं थकली. क्रँकही असाच थकतो, आणि बहुधा जर्नल जिथं पाकळीला मिळतो त्या कोपऱ्यात किंवा तेलाच्या छिद्राच्या काठाशी त्याला तडा पडतो. चांगल्या दुकानात क्रँकला चुंबकत्व देऊन त्यावर लोखंडाची बारीक पूड मिसळलेला द्रव सोडतात. तडा असेल तिथं पुडीची रेघ उभी राहते. तपासणी झाल्यावर हे चुंबकत्व उतरवणं फार जरुरीचं, नाहीतर झिजेची लोखंडी धूळ जर्नलला चिकटत राहील. असं यंत्र नसेल तर जुनी पद्धत आहे: क्रँक रॉकेलमध्ये भिजवून, कोरडा पुसून वर खडूची पूड भुरभुरवायची. मोठा तडा असला तर त्यात शिरलेलं रॉकेल खडूवर काळसर रेघ काढतं. मात्र बारीक तडा यात सुटू शकतो. ट्रकच्या क्रँकसाठी चुंबकाचीच तपासणी खरी. तडा निघाला तर मोह सोडा. तो क्रँक घासून, वेल्डिंगनं भरून घाटात नेण्याच्या योग्यतेचा राहिलेला नाही. भरल्या गाडीचा क्रँक चढावर तुटला, तर एका इंजिनाच्या नुकसानीवर ते प्रकरण थांबेलच असं नाही.

तडा नाही असं ठरलं की क्रँक दोन व्ही-ब्लॉकवर ठेवून, मधल्या मेन जर्नलला डायल गेज लावून हळूहळू फिरवतात. काटा जितका हलतो, त्याच्या निम्मा वाक क्रँकमध्ये असतो. वाक कंपनीच्या पुस्तकातल्या मर्यादेबाहेर असेल तर आधी त्याचा विचार. प्रेसखाली सरळ केलेला क्रँक पुन्हा तड्यासाठी तपासलाच पाहिजे.

मग मायक्रोमीटर. शितावरून भाताची परीक्षा होते, पण एका मापावरून जर्नलची होत नाही. प्रत्येक जर्नलची निदान चार मापं घ्यायची: पुढच्या टोकाला आडवं आणि उभं, मागच्या टोकाला आडवं आणि उभं. एक उदाहरण घेऊ. समजा, एका क्रँकपिनेचं मूळ माप ६०.०० मिलिमीटर आहे. पुढच्या टोकाला उभं माप ५९.९५ आणि आडवं ५९.८९ आलं. मागच्या टोकाला उभं ५९.९३ आणि आडवं ५९.८८. पुढं उभ्या-आडव्यात ०.०६ चा फरक. म्हणजे पिन गोल राहिली नाही, अंडाकार झाली. दोन टोकांच्या उभ्या मापांत ०.०२ चा फरक. म्हणजे पिन किंचित निमुळतीही झाली. अशा पिनेवर नवी बेअरिंगं बसवली तर एका बाजूला फट जास्त, दुसरीकडे कमी, आणि तेलाचा थर टिकणार नाही. ती घासायलाच हवी.

पण किती? बेअरिंगं वाटेल त्या मापाची मिळत नाहीत. ती पाव, अर्धा, पाऊण आणि एक मिलिमीटर कमी अशा ठरावीक अंडरसाइजमध्ये येतात. बाजारात यालाच दहा साइज, वीस साइज म्हणतात. दहा साइज म्हणजे इंचाचे दहा हजारांश, जवळजवळ पाव मिलिमीटर. आपल्या पिनेचं सगळ्यांत लहान माप ५९.८८ आहे. पहिल्या साइजला ती ५९.७५ करायची. म्हणजे ०.१३ मिलिमीटर धातू हाताशी आहे, तेवढ्यात गोलाई परत येईल, असं वाटतं. मात्र पिनेवर ०.१० मिलिमीटर खोल चरा असेल तर? चरा काढायला पिन सगळीकडून तेवढी उतरवावी लागते, म्हणून व्यासातून ०.२० जातात. ५९.८८ मधून ०.२० गेले, राहिले ५९.६८. पहिली साइज गेली! आता ५९.५० ची दुसरी साइजच घ्यावी लागेल. हा हिशेब मिस्त्रीनं न करता "दहा साइजची बेअरिंगं आणा" म्हटलं, तर बेअरिंगं फुकट जातात, किंवा त्याहून वाईट म्हणजे चरा तसाच ठेवून इंजिन बांधलं जातं. आणखी एक नियम: एका पिनेला दुसरी साइज लागली तर सर्व पिना त्याच मापाच्या करायच्या. मेन जर्नलांचं माप त्यांच्यापेक्षा वेगळं असलं तरी चालतं, पण तीही सर्व आपसांत सारखी हवीत. शेवटच्या साइजलाही चरा निघत नसेल, तर क्रँक बदलणं हीच काटकसर.

ग्राइंडिंगच्या वेळी तीन गोष्टींकडे लक्ष द्यायला सांगा. पहिली, जर्नल आणि पाकळी यांच्या कोपऱ्यातली गोलाई. हा कोपरा मुद्दाम वळणदार ठेवलेला असतो. कारण सगळा ताण तिथं एकवटतो. ग्राइंडिंगचा दगड नीट घडवला नाही आणि कोपरा काटकोनात कापला गेला, तर माप बरोबर असूनही क्रँक तिथंच मोडण्याची तयारी करतो. दुसरी, उष्णता. दगडावर पाण्याचा प्रवाह भरपूर हवा आणि धातू थोडा थोडा काढायला हवा. निळसर डाग पडले, तर वरचा थर जळला असं समजा. तिसरी, कठीण थर. काही क्रँक विजेच्या साह्यानं खोलवर कठीण केलेले असतात, तर नायट्राइड केलेल्या क्रँकचा कठीण थर मिलिमीटरच्या काही दशांशाएवढाच असतो. तो घासून गेला तर पुन्हा नायट्राइडिंग लागतं. आपला क्रँक कोणत्या जातीचा, हे कंपनीच्या पुस्तकात पाहूनच दगड लावावा.

घासून झाल्यावर तेलाच्या छिद्रांच्या धारदार कडा मोडायच्या, बारीक पट्टीनं जर्नल चकचकीत करायचे, चुंबकाची तपासणी पुन्हा करायची, आणि सगळा क्रँक पुन्हा आतून-बाहेरून धुवायचा. ग्राइंडिंगची धूळ म्हणजे बारीक वाळूच. ती छिद्रात राहिली तर सारी मेहनत वाया.

इंजिन बांधतानाही घाई नको. रॉडची आणि मेन बेअरिंगची टोपणं ज्याची त्यालाच, त्याच दिशेनं बसवायची. फट जास्त वाटली म्हणून बेअरिंगमागं पत्र्याचा तुकडा किंवा कागद घालणं, नाहीतर टोपण कानशीनं घासणं, हे प्रकार पूर्वी चालत. आजच्या पातळ बेअरिंगांना ते मारक आहेत. फट मोजायला प्लास्टिकचा बारीक धागा मिळतो. तो जर्नलवर ठेवून टोपण ठरलेल्या जोरानं आवळायचं, पुन्हा काढायचं आणि चपटा झालेला धागा किती रुंद झाला ते सोबतच्या पट्टीशी ताडायचं. व्यासाचा हजारावा भाग, म्हणजे ६० मिलिमीटरला ०.०६, हा जुना ढोबळ अंदाज. अखेरचा शब्द कंपनीच्या पुस्तकाचा. बोल्ट आवळायला टॉर्क रेंच वापरायचा, अंदाजाचं मनगट नाही. आणि पहिल्यांदा इंजिन चालू करण्यापूर्वी तेलाच्या वाटा तेलानं भरून घ्यायच्या. कोरड्या बेअरिंगवर फिरलेला पहिला मिनिट पुढच्या हजारो किलोमीटरना महाग पडतो.

एप्रिल २०२० पासून नवे ट्रक भारत स्टेज ६ चे येऊ लागले. अशा नव्या इंजिनांत जळणाचा दाब जुन्यापेक्षा जास्त असतो. काहींचे रॉड तर अखंड घडवून मग मुद्दाम तडकावून वेगळे केलेले असतात. त्यांचं टोपण दुसऱ्या रॉडला बसतच नाही. काही कंपन्या क्रँक घासायला मुभाच देत नाहीत. म्हणून जुन्या गाडीचा अनुभव नव्या गाडीला तसाच लावू नका.

हे सारं ट्रकवाल्यांपुरतं आहे असं मात्र समजू नका. विहिरीवरचं एका सिलिंडरचं तेल-इंजिन घ्या, शेतातला ट्रॅक्टर घ्या. क्रँक तिथंही आहे आणि झिजेची कारणंही तीच आहेत. तेल वेळेवर बदला, गाळणी स्वच्छ ठेवा, दाबाचा काटा पडला की इंजिन तिथंच बंद करा. ठोका ऐकू येत असताना "एवढी खेप मारून येऊ" म्हणणाऱ्याचं पुढं काय होतं? बैल गेला नि झोपा केला.

शेवटी एकच विनंती. क्रँक दुकानात द्याल तेव्हा मापाचा कागद मागा. घासण्यापूर्वी प्रत्येक जर्नलची चार मापं, तड्याची तपासणी झाली की नाही, वाक किती, आणि घासल्यानंतर पुन्हा चार मापं, एवढं एका पानावर मावतं. चांगला कारागीर असा कागद आनंदानं देतो, कारण त्यात त्याच्या हाताची ग्वाही असते. टाळाटाळ करणाऱ्याला क्रँक द्यायचा की नाही, हे तुम्हीच ठरवा. दशांश अपूर्णांक आणि वजाबाकी येणारं पोर हा कागद वाचू शकतं. गुरुजी, आपल्या वर्गात असं पोर नक्की असेल, आणि त्याच्या घरी कदाचित ट्रकही असेल. पुढं ठाण्याच्या किंवा अंबरनाथच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत ते गेलं, तर मायक्रोमीटर हातात धरायलाही शिकेल. तोवर वडिलांना क्रँकच्या कागदावरची वजाबाकी करून दाखवण्याइतकं गणित त्याला आपल्या शाळेत मिळालं, तरी त्या घराचा एक हप्ता वाचेल.